दुर्गीची निंदणबोली

दुर्गीला 'मुकी' म्हणणारा माणूस परगावचा, हे आमच्या गावात लगेच ओळखू येई. भांडी विकणारा, पंखे दुरुस्त करणारा, नवा बदलून आलेला तलाठी. तो वट्ट्यावर येऊन विचारे, "त्या मुक्या बाईचं घर कोणतं?" अन् बसलेल्यांतला एखादा म्हणे, "मुकी? आमच्या गावात मुकं कोणी नाही, भाऊ. बहिरे हायेत दोनचार, पण थे ग्रामपंचायतीत बसते."

हसणं व्हायचं. मग कोणीतरी त्याला रामरावचं घर दाखवायचं.

शेंदूरजनाघाटाहून आमच्याकडे वळलं की दोन्ही अंगांनी संत्र्याचे बगिचे लागतात. रामरावचं वावर त्या डांबरी रस्त्याला लागूनच. थोडा संत्रा, बाकी पऱ्हाटी अन् तूर. त्याची पोरगी दुर्गी जन्मली तेव्हा कोणाला काही कळलं नाही. ती रांगायला लागल्यावर एकदा चुलीजवळ पाण्याचा पितळी गंज खणकन पडला. कुत्रं उठून पळालं, पाळण्याच्या दोरीवरची चिमणी उडाली, अन् पोरगी तिथंच झोपलेली राहिली. तिची माय सांगायची, "मी दुसऱ्यांदा मुद्दाम पाडला."

खुशालराव गुरुजी तेव्हा आमच्या शाळेत होते. ते एक दिवस रामरावच्या वट्ट्यावर येऊन बसले. म्हणाले, "रामरावभाऊ, अमरावतीले मुक्या-बहिऱ्या पोरांची शाळा हाये. राहाची-खायाची सोय हाये. लेहा-वाचाले शिकवते. अन् तिथले पोट्टे आपसात हातानं बोलते, थे बोलणं कोणत्याबी गावच्या मुक्याले समजते म्हणे. पाठवा पोरीले."

रामरावनं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, माही पोरगी मले समजते. तिच्या मायले समजते, भावाले समजते, साऱ्या गल्लीले समजते. तिथं जाऊन दुसऱ्याचीच बोली शिकून आली, अन् मंग आमालेच मुके म्हणाले लागली तं?"

वट्टा खूश झाला. आमचं गाव आपल्या बोलीच्या बाबतीत आधीच कडवं. पुण्याकडचा कोणी पाहुणा आमचं 'मले-तुले' ऐकून हसला तर त्याला दुसरा चहा मिळत नाही. आमच्या गावच्या पोरीची बोली आमच्या गावाला येते, ती मोडून तिला सरकारी हातवारे कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. गुरुजींनी पुढच्या वर्षी आणखी एकदा विचारून पाहिलं, अन् मग नाद सोडला.

रामराव खोटं बोलला नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवा. ती आम्हाला खरंच समजत होती.

समजत होती ती निंदणामुळं. निंदणाला बाया पाथ धरतात, म्हणजे एकेकीनं एकेक तास घेऊन सगळ्यांनी एका ओळीत वाकून पुढं सरकायचं. उजव्या हातात खुरपं, डाव्या मुठीत उपटलेलं तण. दुर्गी दहाबारा वर्षांची झाली तेव्हापासून मायच्या बाजूला पाथीत बसू लागली. शाळेत शिकलेल्या मुक्यांची भाषा हातांची असते म्हणतात. दुर्गीची हातांची नव्हती. हात रिकामे होते कुठं? तिची सगळी बोली तोंडावर आली. भुवया, ओठ, गाल, हनुवटी, फार तर खांदा अन् कोपर. पाथीतल्या बाया वाकल्या वाकल्या मान तिरपी करून तिच्याकडे पाहायच्या, ती काही म्हणायची, तसंच त्या म्हणायच्या, अन् वर्षादोनवर्षांत अशी वेळ आली की बोलत्या बाया एकमेकींसंगंही तेच बोलू लागल्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मालक उभा असला तर फारच सोयीचं.

ऊन चढलं, म्हणजे वरचा ओठ नाकाकडे. पाणी, म्हणजे हनुवटी खांद्याला घासायची. माणसांची नावं त्याहून मजेची. दुर्गीचा धाकटा भाऊ बंडू, त्याला लहानपणी गालगुंड झालं होतं, म्हणून बंडू म्हणजे एक गाल फुगवणं. माय म्हणजे घडीभर डोळे मिटणं. माझं नाव नाक आकसणं, कारण मी तेव्हा बिडी प्यायचो. सरपंचाचं नाव काय होतं ते मी इथं लिहीत नाही, तो माणूस अजून निवडून येतो.

आम्हा पुरुषांना त्यातलं दुकानापुरतं येई. ये, जा, पाणी, बैल सुटला. बायांना सगळी येई. शेजारच्या वावराचा देवमन एकदा धुऱ्यावर तंबाखू खात उभा होता, तर सगळी पाथ एकदम फसफसून हसली. "काय झालं वं?" त्यानं विचारलं. कोणी सांगितलं नाही. देवमन आता म्हातारा झाला, अजून अधूनमधून विचारतो.

बाया म्हणत, दुर्गीच्या बोलीत सगळं सांगता येते, फक्त लबाडी करता येत नाही. तोंडानं बोलणारा माणूस जीभ एकीकडे अन् डोळे एकीकडे ठेवू शकतो. इथं तोंड अन् डोळे हेच शब्द. ते लपवायचे कुठं?

बंडूचं लग्न झालं अन् अकोल्याकडची कुंदा सून म्हणून घरात आली. सासऱ्यासमोर नव्या सुनेनं बोलायचं नाही, ही त्या घरातली रीत. डोक्यावर पदर, खाली मान, विचारलं तर 'जी'. माहेरी बोलघेवडी असलेल्या पोरीचा जीव गुदमरून गेला असता. पण तोंड न उघडता बोलता येईल अशी एक बोली त्या घरात तयारच होती. नणंदेनं ती तिला दिली. गावातल्या कोणत्याही बाईपेक्षा कुंदा ती लवकर शिकली. रामराव पाटावर जेवत बसलेला असे, अन् त्याच्याच समोर भाकरी वाढता वाढता या दोघी त्याच्या मिशीची, ढेकराची, रागाची नक्कल करत. त्याला पत्ता नसे. तो म्हणे, "सून लय शांत भेटली आपल्याले."

दुर्गीचं लग्न झालं नाही. मोर्शीकडचं एक बिजवराचं स्थळ आलं होतं. तिनं मान आडवी हलवली. तेवढं मात्र पाहुण्यांनाही समजलं. पुढं कोणी विचारलं नाही, अन् तिलाही काही अडलं नाही. वावर होतं, पाथ होती, भावजय होती.

मग तणनाशक आलं.

एक माणूस पाठीवर पंप घेऊन एका दिवसात जेवढं करतो तेवढ्याला बायांच्या पाथीला आठवडा लागत असे. मालक लोकांनी हिशेब केला, मीही केला. तण जागच्या जागी पिवळं पडून वाळू लागलं अन् पाथ मोडली. काही बाया शेंदूरजन्याला टिनाच्या शेडात संत्रा निवडायला जाऊ लागल्या. तिथं पट्ट्यासमोर रांगेत उभं राहायचं, पुढच्या बाईची पाठ पाहत. काही लेकाकडे नागपूरला गेल्या. काही मेल्या. बोलीवर कोणी बंदी घातली नाही, कोणी हसलंही नाही. फक्त जिथं वाकून एकमेकींच्या तोंडाकडे पाहावं लागे, ती जागाच राहिली नाही.

बंडू-कुंदाचा शिवम बोलायला लागायच्या आधी आत्यासारखा चेहऱ्यानं मागायचा. गाल फुगवून बापाला हाक मारायचा. त्याला अमरावतीच्या इंग्रजी शाळेत टाकलं. सुटीत मित्र घेऊन आला अन् आत्यानं दारातूनच त्याचं नाव घेतलं, भुवया दोनदा उडवून, तर त्यानं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. आता तो पुण्यात नोकरीला आहे. येतो तेव्हा आत्याच्या पाया पडतो.

ती बोली बोलणाऱ्या अशा उरल्या दोघी, दुर्गी अन् कुंदा. एका घरात, एका चुलीवर.

रामराव गेला, मागून दुर्गीची माय गेली. सातबाऱ्यावर बंडू अन् दुर्गी अशी दोन नावं लागली. रस्त्याच्या बाजूला विहीर होती. विहिरीभोवती मायनं स्वतः लावलेली संत्र्याची झाडं होती, अन् विटांची एक खोली. पाथ मोडल्यापासून दुर्गीचा दिवस तिथंच जाई. आळी करायची, वाळल्या फांद्या काढायच्या, खोलीत दुपारची पडायची. मायनं मरताना चार लोकांसमोर बंडूला सांगितलं होतं, "पोरीचं नाव काढजो नोको. नाव हाये तं तिले कोणी उठ म्हणणार नाही."

बंडूनं ते बरीच वर्षं पाळलंही. माणूस वाईट नाही तो. पण परतवाड्याच्या एका व्यापाऱ्याला संत्र्याच्या शेडासाठी रस्त्याची जागा पाहिजे होती. अख्खं वावर, विहिरीसकट. अर्धं त्याला नको होतं. शिवमला पुण्यात घर घ्यायचं होतं. बंडूचे गुडघे गेले होते. आमच्याकडे अशा वेळी हक्कसोड असते. भाऊ बहिणीला साडी घेतो, तालुक्याला नेतो, बहीण कागदावर आपला हिस्सा सोडते, येताना सगळे मिळून आलूबोंडे खातात. जी बहीण सोडत नाही तिच्यासाठी माहेरचं दार पुढं बंद होतं, हे कोणी बोलून दाखवत नाही. दाखवावं लागत नाही.

दुर्गीला मोरपंखी साडी घेतली. देवमन अन् भगवंतराव साक्षीला गेले. भगवंतराव म्हणजे आमच्या सोसायटीचा जुना सेक्रेटरी, कागद पाहिला की पुढं होणारा माणूस. पुढचं मला या दोघांनी सांगितलं, अन् राहिलेलं कुंदावहिनीनं.

तालुक्याच्या रजिस्ट्री कचेरीतला साहेब नेकीचा होता. त्यानं दुर्गीकडे पाहिलं अन् पेन खाली ठेवलं. म्हणाला, "बाईंना ऐकू येत नाही, वाचता येत नाही. कागदात काय आहे ते त्यांना समजल्याशिवाय मी अंगठा घेणार नाही. खुणांची भाषा जाणणारं कोणी आणा."

अमरावतीहून एका संस्थेतली मुलगी बोलावली. अपेक्षा तिचं नाव. ती दुर्गीसमोर खुर्ची घेऊन बसली अन् हातांनी बोलू लागली. भरभर, मोकळे, देखणे हात. बाजारातली मेंदी काढणारी पाहावी तशी दुर्गी त्या हातांकडे पाहत राहिली. मग तिनं आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. अपेक्षा थांबली. तिनं पुन्हा करून दाखवलं. दुर्गीनं पुन्हा विचारलं.

"सर, मला यांची भाषा येत नाही, यांना माझी येत नाही," अपेक्षा म्हणाली. "पण यांना भाषा आहे. हे नुसते हावभाव नाहीत. या वाक्य बोलतायत."

"मग ती येते कोणाला?"

"वहिनीले येते, साहेब," देवमन म्हणाला. अन् त्याच्यानं राहवलं नाही, "आधी आमच्या अख्ख्या गावाले येत होती."

"पण या वहिनी म्हणजे ज्यांना जमीन जाणार त्यांच्याच पत्नी ना?" अपेक्षानं विचारलं.

भगवंतराव पुढं झाला. "मंग मॅडम, माणूस घरच्यालेच समजते न. बाहेरच्याले समजाचं असतं तं तुमाले नसतं का समजलं?"

साहेबानं कपाळ चोळलं. त्याच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. म्हणाला, "वहिनी, यांना नीट विचारा. तुमचं नाव कमी करून सगळं शेत भावाच्या नावावर करायचं आहे, हे तुम्हाला मान्य आहे का?"

कुंदानं विचारलं. बरोबर विचारलं, काही चोरलं नाही. दुर्गी बराच वेळ बोलली. तिनं डोळे मिटले, म्हणजे माय. माय म्हणाली होती, नाव काढू देऊ नको. गाल फुगवला, म्हणजे बंडू. बंडू मागतो तर देते. पण विहीर, मायची झाडं अन् खोली मी मरेपर्यंत माझीच राहतील का? त्या साहेबाला विचार. तो हो म्हणला तर देते. मायचं नाव घेताना मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं खांद्याला पुसलं.

"काय म्हणतात?"

कुंदानं बंडूकडे पाहिलं. बंडू आपल्या चपलेकडे पाहत होता.

"हाव म्हणते, साहेब. भावाले देते म्हणते."

"मग रडतात का?"

"माय आठवली तिले."

साहेबानं दुर्गीकडे पाहून, चांगल्या मनानं, मान उभी हलवली. दुर्गीनं पाहिलं. भावजयीनं विचारलं अन् मोठ्या माणसानं हो म्हटलं. मान हलवणं सगळ्यांनाच समजतं. तिनं स्वतःच शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

खोटं बोलायला कुंदाला मराठी लागली. नणंदेच्या बोलीत तिला ते जमलं नसतं.

बसस्टॉपवर आलूबोंडे खाल्ले. दुर्गी खुशीत होती. खिडकीजवळ बसून येताना तिनं मोरपंखी पदराचा काठ देवमनला दाखवला.

दिवाळी झाली अन् एका सकाळी वावरात जेसीबी आला. झाडांवर आंबिया बहाराची फळं होती, रंगावर आलेली. व्यापाऱ्यानं ती तोडायचीही वाट पाहिली नाही. दुर्गी खोलीत होती. पायाखाली जमीन थरथरली म्हणून बाहेर आली, तर मायचं पहिलं झाड फळांसकट आडवं होत होतं. ती मशीनसमोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर भोंगा वाजवतो, हात करतो, मायबहिणीवर शिव्या देतो. तिला काय? आमचा गडी पुंजाराम बाजूच्या वावरात पाणी देत होता, त्यानं धावत जाऊन तिला कंबरेला धरून ओढलं. त्याच्या हाताला तिनं चावा घेतला. ती खूण अजून आहे.

मग ती पळत घरी आली. आमचं आंगण बंडूच्या आंगणासमोर आहे, मी तिथं दाढी करत बसलो होतो. कुंदावहिनी सुपात तूर पाखडत होती. दुर्गी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचा सारा चेहरा एकदम बोलत होता. मला दुकानापुरतंच येतं म्हटलं, पण तेवढं मलाही समजलं. तू साहेबाला काय विचारलं? तू काय सांगितलं त्याला?

कुंदावहिनीनं सूप खाली ठेवलं अन् पदर तोंडावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

दुर्गीनं दोन बोटांनी तो पदर उचलला. खाली जे होतं ते वाचलं. अन् पदर परत हळू खाली सोडून दिला.

त्या दिवसापासून ती बोलली नाही. जेवते, भांडी घासते, आंगण झाडते. मागच्या पडवीत झोपते. पण चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा. भूक लागली तरी ओठ हलत नाही, ऊन लागलं तरी भुवई हलत नाही. वट्ट्यावर नवा माणूस येऊन मुक्या बाईचं घर विचारतो, तर आता कोणी चेष्टा करत नाही. बोट दाखवतात.

महिन्याभरानं कुंदावहिनी आमच्या आंगणात आली. उभीच राहिली.

"भाऊजी, तिले सांगा न उलसक."

"काय सांगू?"

"मले शिव्या दे म्हणा. चावा घे म्हणा, पुंजारामले घेतला तसा. पण बोल म्हणा."

"वहिनी, मले कुठं येते तिची बोली? मले पाणी येते अन् बैल येते."

"तं पाणी म्हणा. काईबी म्हणा. घरात कोणाचं तोंड दिसत नाही मले. हे टीव्हीकडे पाह्यते, ती भिंतीकडे पाह्यते. मी दिवसभर त्या बोलीत बोलतो मनातल्या मनात, अन् ऐकाले कोणी नाही."

मग तिनं त्या दिवशीचं सगळं सांगितलं, साहेबासमोरचं. मी ऐकलं. म्हटलं, "काहून केलं वहिनी असं? तुमालेच तं येत होती तिची भाषा."

ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते.

"भाऊजी, माह्या भावानंबी मले तालुक्याले नेलं होतं. मलेबी साडी घेतली होती. तिथल्या साहेबानं विचारलं, बाई, वाचलं का? मले वाचता येते. मले बोलता येते. साहेबाचीच मराठी येते मले, शुद्ध पाह्यजे तं शुद्ध. मले नाही म्हणाचं होतं. बाप म्हणला होता का विहिरीकडचा तुकडा कुंदीचा. भाऊ बाजूले उभा होता, वहिनी उभी होती. तोंडातून हाव निंगालं. माह्यं माह्यासाठी नाही म्हणणं झालं नाही, मंग हिचं नाही मी कुठून आणू?"

ती पदर सावरून गेली.

कचेरीतलं खोटं घरात राहिलं नाही, चहाच्या टपरीवर आलंच. भगवंतराव म्हणाला, "म्हून म्हणतो, साऱ्या जगाले एकच भाषा पाह्यजे. बोलणाऱ्याले एक, मुक्याले एक. भानगडच नाही. गुरुजीचं ऐकलं असतं रामरावनं तं पोरगी स्वतः बोलली असती साहेबासंगं."

"एक म्हणजे कोणती बे?" देवमन म्हणाला. "तुह्या बायकोची? थे तं तुलेच समजत नाही."

कोणी हसलं नाही. देवमनही नाही.

आमच्या मले-तुलेसाठी मी आयुष्यभर भांडत आलो. लग्नात, सभेत, एकदा तर एसटीच्या कंडक्टरसंगं. पण भगवंतरावचं म्हणणं मला खोडता आलं नाही. लहान बोलीत ऊब असते, हे मला ठाऊक होतं. तिला बाहेर जायचं दार एकच असतं, अन् त्या दारात घरचाच माणूस उभा असतो, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. अन् भगवंतरावच्या मोठ्या भाषेला म्हणाल तर दारं पुष्कळ. तरी कुंदावहिनी त्यातल्या एकातूनही बाहेर पडली नव्हती. हे मी टपरीवर बोललो नाही. तिनं आंगणात सांगितलेलं तिथं सांगायचं नव्हतं.

उन्हाळ्यात अपेक्षा पुन्हा आली. तिला चैन पडत नव्हती म्हणे. मोबाइल अन् तीन पायांचा स्टँड घेऊन आली. बंडूला म्हणाली, "काका, यांची भाषा नोंदवून ठेवायला हवी. अशा गावापुरत्या भाषा कुठं उरल्याच नाहीत. दोघी समोरासमोर बसल्या अन् नेहमीसारख्या बोलल्या तरी पुरे."

कुंदावहिनी लगेच आंगणात खाटेवर बसली, केस नीट करून. दुर्गीला बोलावलं. ती आली. खाट पाहिली, स्टँड पाहिला, समोर बसलेली भावजय पाहिली. मग खाटेला वळसा घालून अपेक्षाजवळ गेली, तिचा उजवा हात मनगटाला धरला, वर उचलला अन् हलवला. परत हलवला. हे दे.

"यांना माझी भाषा शिकायची आहे," अपेक्षा म्हणाली.

"आता?" कुंदावहिनीच्या तोंडून निघालं. "आता कोणासंगं बोलन ती?"

"माझ्याशी. अन् उद्या दावा लावायचा झाला तर कोर्टाशी. त्या दिवशी त्यांनी काय सांगितलं होतं, ते त्यांना स्वतःला सांगता आलं पाहिजे." मग तिनं विचारलं, "की तुम्ही सांगाल कोर्टात?"

कुंदावहिनीनं बंडूकडे पाहिलं. बंडू आपल्या चपलेकडे पाहत होता.

तेव्हापासून अपेक्षा जमेल तेव्हा येते. नाही आली तर एका जुन्या मोबाइलवर तिचे हात दिसतात, तो मोबाइल तिनंच आणून दिला. दुर्गी वट्ट्यावर बसून शिकते. उशीर फार झाला. खुरप्यानं बोटं वाकडी होऊन बसली आहेत, सरळ उघडत नाहीत, अन् चेहरा ती वापरत नाही. अपेक्षा म्हणते, आमच्या भाषेतही चेहरा लागतो, मावशी. मावशी ऐकत नाही. चारदोन शब्द येतात, दुसऱ्या दिवशी विसरते. मुद्दा सांगायला लागणारी वाक्यं अजून लांब आहेत, अन् ती कधी येतील असं अपेक्षालाही वाटत नाही. हे ती मला एसटीची वाट पाहताना म्हणाली. एक मात्र दुर्गीला पक्कं येतं. 'मला मान्य नाही.' ते ती स्वच्छ म्हणते. आता तिच्या नावावर काही नाही, म्हणून तिला ते कोणी विचारत नाही.

रस्त्याच्या कडेला शेड उभं राहिलं. विहीर त्याच्या आत गेली.

परवा सकाळी मी दाढीला बसलो होतो. समोर वट्ट्यावर दुर्गी मोबाइल उभा करून बसली होती, अपेक्षाचे हात चालले होते अन् हिची वाकडी बोटं त्यांच्यामागं. स्वयंपाकघराच्या दारात कुंदावहिनी कणीक मळता मळता उठून उभी राहिली होती. मोबाइलकडे पाहून ती तेच करत होती. भराभरा, बिनचूक. भाषा ती नेहमीच लवकर शिकते. एक शब्द झाला, दुसरा झाला.

दुर्गीला काहीतरी हललेलं दिसलं असावं. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. कुंदावहिनीनं हात वर धरले अन् तिला काहीतरी म्हटलं, त्या नव्या भाषेत.

दुर्गीनं मोबाइल उचलला, वट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला अन् दाराकडे पाठ करून बसली. कुंदावहिनीच्या बोटांना कणीक लागली होती. त्या पाठीकडे पाहून तिनं तेच पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा.